फिनिश भाषेचा पहिला धडा : ‘कोठे आहे?’

नवी भाषा शिकावयास बसलेल्या माणसाने पहिले वाक्य कोणते पाठ करावे? बहुतेक पाठ्यपुस्तकांत आरंभी नमस्कार आणि कुशलप्रश्न दिलेले असतात. ते शिष्टाचारास धरूनच आहे. परंतु नुसत्या नमस्काराने परक्या गावी कोणाचे काम भागत नाही. स्टेशन कोठे आहे, दुकान कोठे आहे, पाणी कोठे मिळेल, हे विचारता आले आणि मिळालेले उत्तर समजले, म्हणजे त्या भाषेत आपला खरा प्रवेश झाला असे समजावे. म्हणून या लेखात आम्ही एकच प्रश्न घेणार आहोत, तो म्हणजे ‘कोठे आहे?’ आणि तो घेणार आहोत आपल्यापासून फार दूर असलेल्या फिनलंड देशाच्या भाषेतून.

मैलूरच्या वाचकांना या निवडीचे नवल वाटेल. पण हा प्रश्न परक्या तोंडून ऐकण्याची सवय बीदर परिसराला पाचसाडेपाचशे वर्षांची आहे. ज्याचा मदरसा आपण सहलीला जाऊन पाहतो, तो महमूद गवान इराणातील गिलान प्रांतातून आलेला. त्याचा मदरसा १४७२ साली पुरा झाला. त्याच सुमारास रशियातील त्वेर शहराचा व्यापारी अफानासी निकितिन हा चौल बंदरात उतरून जुन्नरमार्गे बीदरला येऊन राहिला होता. त्याच्या प्रवासवृत्तात रशियन भाषेच्या मधूनच फारसी आणि तुर्की शब्द येतात. उत्तरेच्या बर्फाळ प्रदेशातला तो मनुष्य बीदरच्या बाजारात उभा राहिला, तेव्हा त्यालाही ‘कोठे आहे?’ असे कोणत्या तरी भाषेत विचारावेच लागले असेल. आज आपल्याकडील तरुण शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी उलट दिशेने उत्तरेकडे जातात. त्यांत फिनलंडही असते. तेथे विचारणारे आपण असू.

आता एक गोष्ट आरंभीच सांगून टाकतो. फिनिश ही कठीण भाषा म्हणून प्रसिद्ध आहे. तिच्यात नामाच्या पंधरा विभक्ती मोजतात. हे ऐकून इंग्रज विद्यार्थी घाबरतो. परंतु ज्या मुलाच्या घरी मराठी बोलली जाते आणि ज्याच्या कानांवर रस्त्यात कन्नड पडते, त्याने घाबरण्याचे कारण नाही. त्याचा अर्धा धडा आधीच झालेला आहे. तो कसा, हे दाखविणे हाच या लेखाचा हेतू होय.

प्रथम उच्चाराविषयी दोन शब्द. फिनिश भाषेत आघात नेहमी शब्दाच्या पहिल्या अक्षरावर असतो. तिच्यात ऱ्हस्व-दीर्घ आणि एकेरी-दुहेरी अक्षरांचा भेद काटेकोर पाळावा लागतो. ‘तुलि’ म्हणजे अग्नी, ‘तूलि’ म्हणजे वारा आणि ‘तुल्लि’ म्हणजे जकात. मराठीत ‘मती’ आणि ‘माती’ किंवा ‘हला’ आणि ‘हल्ला’ यांत जो फरक आहे, तोच येथे समजावा. ‘बॅट’ या शब्दातील ‘ॲ’चा स्वर फिनिशमध्ये वारंवार येतो, तो आम्ही तसाच लिहिला आहे.

‘कोठे?’ या अर्थी फिनिश शब्द आहे ‘मिस्सॅ’. ‘आहे’ या अर्थी ‘ओन’ आणि ‘आहेत’ या अर्थी ‘ओवात’. ‘किर्या’ म्हणजे पुस्तक. तेव्हा ‘पुस्तक कोठे आहे?’ याचे फिनिश होते ‘मिस्सॅ किर्या ओन?’ उत्तर घ्या : ‘किर्या ओन तुओलिल्ला.’ म्हणजे पुस्तक खुर्चीवर आहे. ‘तुओलि’ म्हणजे खुर्ची आणि तिला जोडलेला ‘ल्ला’ म्हणजे आपला ‘वर’. दुसरे उत्तर घ्या : ‘आवाइमेत ओवात लाउकुस्सा.’ म्हणजे किल्ल्या पिशवीत आहेत. येथे ‘स्सा’ म्हणजे आपला ‘त’. मेत्सॅ म्हणजे रान; त्याचे मात्र ‘मेत्सॅस्सॅ’ होते, कारण मूळ शब्दात ‘ॲ’ असला म्हणजे प्रत्ययाचा स्वरही त्याच्याशी जुळवून घेतो.

इंग्रजीत ‘आत’, ‘वर’ हे शब्द नामाच्या आधी येतात. मराठीत ते नामाच्या मागून, नामाला चिकटून येतात : पिशवीत, खुर्चीवर. कन्नडातही तसेच : ‘मने’ म्हणजे घर, ‘मनेयल्लि’ म्हणजे घरात. फिनिशची रीतही हीच आहे : ‘तालो’ म्हणजे घर, ‘तालोस्सा’ म्हणजे घरात. प्रत्यय लागताना मूळ शब्द थोडा बदलतो, हेही आपल्याला नवे नाही. त्याला आपल्या व्याकरणात सामान्यरूप म्हणतात. विहीर या शब्दाचे विहिरीत होते, पुणे या शब्दाचे पुण्यात होते. त्याचप्रमाणे फिनिशमध्ये ‘लाउक्कु’ म्हणजे पिशवी, पण पिशवीत म्हणावयाचे तर ‘लाउकुस्सा’. ‘कातु’ म्हणजे रस्ता, पण रस्त्यावर म्हणजे ‘कादुल्ला’. देशाची राजधानी हेल्सिंकी, परंतु तेथे राहणारा मनुष्य ‘हेल्सिंगिस्सॅ’ राहतो. ज्याने ‘पुणेत’ न म्हणता ‘पुण्यात’ म्हणावयाचे हे आईच्या तोंडून ऐकून शिकून घेतले, त्याला हेल्सिंकीचे हेल्सिंगी झालेले पाहून दचकावयाचे कारण नाही.

‘खाली’, ‘मागे’, ‘शेजारी’ यांची गोष्टही अशीच आहे. मराठीत ‘घराच्या मागे’ असे आपण म्हणतो. आधी षष्ठी आणि नंतर स्थानवाचक शब्द. कन्नडात ‘मनेय हिंदे’. फिनिशमध्ये षष्ठीचा प्रत्यय ‘न’ आहे : ‘तालोन ताकाना’ म्हणजे घराच्या मागे, ‘तुओलिन आल्ला’ म्हणजे खुर्चीच्या खाली, ‘कोउलुन विएरेस्सॅ’ म्हणजे शाळेच्या शेजारी. शब्द परके आहेत, पण त्यांची रांग ओळखीची आहे.

वाक्यातील क्रमाचे एक सूक्ष्म वैशिष्ट्यही येथे पाहण्यासारखे आहे. ‘पुस्तक खुर्चीवर आहे’ आणि ‘खुर्चीवर पुस्तक आहे’ ही दोन वाक्ये आपण सारख्या अर्थाने वापरीत नाही. पहिल्यात आपण एका ठरावीक पुस्तकाचा ठिकाणा सांगतो. दुसऱ्यात खुर्चीवर काय आहे ते सांगतो. हा भेद दाखविण्यासाठी इंग्रजीला नामापूर्वी उपपदे आणावी लागतात. फिनिशमध्ये उपपदे नाहीत, मराठीतही नाहीत. दोन्ही भाषा केवळ शब्दांची जागा बदलून काम भागवितात : ‘किर्या ओन तुओलिल्ला’ आणि ‘तुओलिल्ला ओन किर्या’.

तसेच, एखादी वस्तू आपल्या मालकीची आहे हे सांगण्यासाठी इंग्रजीत वेगळे क्रियापद आहे. मराठीत ते नाही. आपण वस्तूचा ठिकाणाच सांगतो : ‘माझ्याजवळ पुस्तक आहे.’ कन्नडात ‘नन्न हत्तिर पुस्तक इदे’. फिनिशमध्येही असे वेगळे क्रियापद नाही. ‘मिनुल्ला ओन किर्या’ याचा शब्दशः अर्थ ‘माझ्यावर पुस्तक आहे’ असा होईल. थोडक्यात, ‘कोणाजवळ आहे?’ हा प्रश्न या तिन्ही भाषांत ‘कोठे आहे?’ याचाच एक प्रकार आहे.

येथवर मराठीने आपल्याला हात धरून आणले. आता जी पायरी येते, तेथे मराठी अडखळते आणि कन्नड मदतीला धावते. तीन प्रश्न पाहा : तू कोठे आहेस? तू कोठे जातोस? तू कोठून येतोस? मराठीत पहिल्या दोहोंत ‘कोठे’ हा एकच शब्द आहे. उत्तरातही ‘मी शाळेत आहे’ आणि ‘मी शाळेत जातो’ असे एकच रूप चालते. फिनिश माणसाला हे चालत नाही. असण्याचे ठिकाण, जाण्याचे ठिकाण आणि येण्याचे ठिकाण या तिन्हींसाठी त्याला तीन निराळे शब्द हवे असतात : ‘मिस्सॅ’ म्हणजे कोठे असतो, ‘मिहिन’ म्हणजे कोठे जातो, ‘मिस्तॅ’ म्हणजे कोठून येतो. त्यांची उत्तरेही तीन रूपांत येतात. ‘ओलेन कोउलुस्सा’, मी शाळेत आहे. ‘मेनेन कोउलून’, मी शाळेत जातो. ‘तुलेन कोउलुस्ता’, मी शाळेतून येतो.

नुसती मराठी जाणणाऱ्यास हा भेद मुद्दाम पाठ करावा लागेल. पण कन्नड काय म्हणते? ‘एल्लि’ म्हणजे कोठे असतो, ‘एल्लिगे’ म्हणजे कोठे जातो, ‘एल्लिंद’ म्हणजे कोठून येतो. शाळा म्हणजे ‘शाले’ : शालेयल्लि, शालेगे, शालेयिंद. तीन प्रश्न, तीन उत्तरे, अगदी फिनिशप्रमाणे. तेलुगूतही ‘एक्कड’ आणि ‘एक्कडिकि’ असा भेद आहे. ज्या मुलाला खेळगड्याने ‘एल्लिगे?’ म्हणून हटकले आहे, त्याला ‘मिहिन’ समजावून सांगावे लागणार नाही. त्याच्या मनात त्या शब्दाची जागा तयारच आहे.

एका फसव्या जागेची सूचना मात्र दिली पाहिजे. ‘मेनेन कोउलून’ यातील ‘ऊन’ ऐकून मराठी कानाला ‘घरून’, ‘गावाहून’ यांची आठवण होते आणि हा मनुष्य शाळेतून येत असावा असे वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. तो शाळेत जात आहे. आणखी, हा ‘ऊ’ दीर्घच उच्चारला पाहिजे. ‘कोउलुन’ असे ऱ्हस्व म्हटले की त्याचा अर्थ ‘शाळेचा’ असा होतो.

‘वर’ या प्रत्ययाचीही अशीच तीन रूपे आहेत. ‘तुओलिल्ला’ म्हणजे खुर्चीवर आहे, ‘तुओलिल्ते’ असे रूप मात्र नाही. खुर्चीवरून हे सांगावयाचे तर ‘तुओलिल्ता’ आणि खुर्चीवर ठेव असे सांगावयाचे तर ‘तुओलिल्ले’. ‘लाइता किर्या तुओलिल्ले’ म्हणजे पुस्तक खुर्चीवर ठेव. पंधरा विभक्तींपैकी सहा अशा रीतीने केवळ ठिकाणासाठी राखलेल्या आहेत : आत, आतून, आतमध्ये जाताना, वर, वरून, वर ठेवताना. गावांच्या नावांना यांपैकी कोणता गट लावावयाचा हे मात्र रूढीने ठरते. हेल्सिंकी आणि तुर्कु यांना ‘आत’चा प्रत्यय लागतो, तर ताम्पेरे या शहराला ‘वर’चा लागून ‘ताम्पेरेएल्ला’ होते. आपणही कधी ‘बीदरमध्ये’ म्हणतो, तर कधी ‘तो बीदरला असतो’ असे म्हणतो. तेव्हा या लहरीबद्दल फिन लोकांना दोष देता येत नाही.

हरवलेल्या वस्तूंच्या बाबतीत फिनिशची विचारसरणी फार मौजेची आहे. आपण पिशवीत किल्ली शोधतो आणि ती पिशवीत सापडते. फिन माणूस पिशवीतून शोधतो आणि त्याला ती पिशवीतून सापडते, कारण त्याच्या दृष्टीने सापडलेली वस्तू तेथून बाहेर येणार असते. उलट, पुस्तक घरी राहिले असेल, तर तो जाण्याचे रूप वापरतो : ‘किर्या यॅइ कोतीन’. पुस्तक जणू घराकडे जाऊन राहिले! अशा वाक्यांचे शब्दशः भाषांतर करू नये. ती तशीच कानांत बसू द्यावीत.

या ‘कोतीन’ शब्दाशी थोडे थांबू. मराठीत ‘घरात’ आणि ‘घरी’ हे दोन निराळे शब्द आहेत. भिंतींच्या आत असलेला मनुष्य घरात असतो. पण जेथे आपली माणसे आहेत तेथे आपण घरी असतो. अंगणात बाजेवर बसलेले आजोबा घरात नसतात, तरी घरी असतात. सप्तमीचा हा ‘ई’ प्रत्यय जुना आहे. ‘घरी’, ‘गावी’, ‘दारी’ अशा जिव्हाळ्याच्या शब्दांत तो टिकून राहिला आहे. फिनिशमध्येही हुबेहूब हीच गोष्ट घडली आहे. इमारत या अर्थाचे घर ते ‘तालो’, आणि आपले घर ते ‘कोति’. तालोला नेहमीचे प्रत्यय लागतात. पण घरी म्हणावयाचे तर ‘कोतोना’ आणि घरून म्हणावयाचे तर ‘कोतोआ’; ही दोन रूपे जुन्या प्रत्ययांची आहेत आणि ती घरासारख्या मोजक्या शब्दांतच शिल्लक आहेत. हजारो कोसांवरील दोन भाषांनी आपले सर्वांत जुने प्रत्यय घरासाठी जपून ठेवावेत, हे पाहून आम्हांस तरी आनंद वाटला.

इतके साम्य पाहिल्यावर विचारी वाचक विचारील, या भाषांचे काही नाते आहे काय? हा प्रश्न जुनाच आहे. रॉबर्ट कॉल्डवेल या मिशनरी पंडिताने १८५६ साली द्राविडी भाषांचे तौलनिक व्याकरण प्रसिद्ध केले. त्यात त्याने द्राविडी भाषांचा संबंध ज्या ‘सिथियन’ समूहाशी जोडला, त्यात फिनिशही होती. आजचे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ हे नाते मान्य करीत नाहीत. फिनिश ही एस्टोनियन आणि हंगेरियन यांच्यासह उराली कुळातील, कन्नड द्राविडी कुळातील, तर मराठी संस्कृत-प्राकृताच्या वाटेने आलेली इंडो-युरोपीय कुळातील भाषा होय. गंमत अशी की, कुळ पाहिले तर मराठीची दूरची बहीण इंग्रजी ठरते. कन्नड किंवा फिनिश नव्हे. फिनिशचा ‘ल्ला’ आणि कन्नडाचा ‘अल्लि’ सारखे वाजतात, तो योगायोग समजावा.

परंतु भाषांना कुळाखेरीज शेजारही असतो. शेजाराचा प्रभाव किती खोल जातो, हे सांगली जिल्ह्यातील कुपवाड या गावाने जगाला दाखविले. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी १९७१ साली त्या गावाविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. तेथे मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू या भाषा पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदत होत्या. शब्द प्रत्येकीने आपापले राखले होते. पण गावातील बोलण्यात वाक्यांची घडण इतकी एक झाली होती की, एका भाषेतील वाक्याचे शब्दामागून शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत रूपांतर करता येई. बीदर परिसरात राहणाऱ्यास हे वाचून नवल वाटणार नाही. ‘किल्ला कुठं आहे?’, ‘कोटे एल्लि अद?’, ‘किल्ला किधर है?’ हे तीन प्रश्न एकाच चौकात ऐकू येऊ शकतात, आणि तिन्हींत शब्दांचा क्रम एकच आहे. पुस्तकी कन्नडातील ‘इदे’ याच्या जागी आपल्या भागात ‘अद’ ऐकू येते. फिन लोकही पुस्तकात ‘ओवात’ लिहितात आणि बोलताना अनेकवचनातही ‘ओन’च म्हणतात. बोलीला नावे ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

‘कोठे आहे?’ या प्रश्नाला आपल्या सीमाभागात आणखी एक अर्थ आहे. बीदर कोठे आहे? १९४८ पर्यंत उत्तर होते, निजामाच्या राज्यात. त्यानंतर भारतीय संघराज्यातील हैदराबाद राज्यात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि उत्तर झाले, म्हैसूर राज्यात. १९७३ पासून उत्तर आहे, कर्नाटकात. त्याच १९५६ साली जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. आज ते महाराष्ट्रात, लातूर जिल्ह्यात आहेत. घरे जागची हलली नाहीत, विहिरी हलल्या नाहीत. उत्तरे मात्र बदलली. ज्या मुलांच्या घरची भाषा एक आणि कचेरीची दुसरी, त्यांना आपण नक्की कोठे आहोत असा संभ्रम कधी कधी पडतो. आपल्याला दोन्ही भाषा अर्धवटच येतात, असा न्यूनगंडही काहींच्या मनात घर करतो.

अशा मुलांनी फिनलंडकडे पाहावे. तो देश १८०९ पर्यंत स्वीडनच्या आणि पुढे १९१७ पर्यंत रशियाच्या सत्तेखाली होता. फिनिश ही घरातली भाषा, तर स्वीडिश ही कचेरीची आणि विद्येची भाषा होती. १८६३ च्या एका राजाज्ञेने फिनिशला कचेरीचे दार उघडले. ६ डिसेंबर १९१७ रोजी देश स्वतंत्र झाला, तेव्हा फिनिश बहुसंख्यांची भाषा होती. तरीही नव्या राष्ट्राने स्वीडिशला हद्दपार केले नाही. आज तेथे स्वीडिश मातृभाषा असलेले लोक शेकडा पाचच्या आसपास आहेत, तरी दोन्ही राष्ट्रभाषा आहेत. राजधानीतील रस्त्यांच्या पाट्यांवर नावे दोन भाषांत असतात. हेल्सिंकीलाच स्वीडिशमध्ये हेल्सिंगफोर्स म्हणतात. खुद्द ‘तुओलि’ आणि ‘कोउलु’ हे शब्द स्वीडिशमधून आलेले आहेत. आपले खेडूत ‘स्कूल’ शब्दाच्या आरंभीचे जोडाक्षर जड वाटल्याने ‘इस्कूल’ म्हणतात. फिन लोकांनी ‘स’ गाळूनच टाकला आणि ‘कोउलु’ केले. शेजारणीकडून वस्तू घ्यावी आणि आपल्या घराच्या रीतीने वापरावी, यात कमीपणा कसला?

आता सरावासाठी नित्याची काही वाक्ये देतो. घरी दोघांनी मिळून, एकाने विचारून आणि दुसऱ्याने उत्तर देऊन, ती मोठ्याने म्हणावीत.

अन्तेक्सि, मिस्सॅ ओन राउतातिएआसेमा? – माफ करा, रेल्वे स्टेशन कोठे आहे?
सुओरान. – सरळ.
ओइकेआल्ला. – उजवीकडे.
वासेम्माल्ला. – डावीकडे.
मिस्सॅ ओन वेस्सा? – शौचालय कोठे आहे?
मिस्सॅ ओलेत? – तू कोठे आहेस?
ओलेन कोतोना. – मी घरी आहे.
मिहिन मेनेत? – कोठे जातोस?
मेनेन काउप्पान. – दुकानात जातो.
मिस्तॅ तुलेत? – कोठून येतोस?
तुलेन कोतोआ. – घरून येतो.

शेवटी विद्यार्थी मित्रांना एवढेच सांगावयाचे आहे. तुमच्यापैकी कोणी उद्या फिनलंडला जाईल, कोणी जाणारही नाही. पण ‘कुठे’, ‘एल्लि’ आणि ‘किधर’ हे तीन शब्द ज्यांच्या कानांत आजच आहेत, त्यांना ‘मिस्सॅ’ हा चौथा शब्द शिकणे जड जात नाही, हे तुम्ही आता पाहिलेच. दोन भाषांच्या सीमेवर जन्म होणे ही उणीव नसून भांडवल आहे. शेजारच्या मुलाला तुम्ही ‘एल्लिगे?’ विचारा, त्याला ‘कुठे?’ शिकवा. इतर लोक जे व्याकरण पैसे मोजून शिकतात, ते तुम्हांला चौकात खेळता खेळता मिळत आहे. ते वाया जाऊ देऊ नका.